टॅपेट कव्हरच्या नटांसाठी घेतलेला लहान टॉर्क रेंच: दीड वर्षाच्या वापरानंतर

गोटी (सॉकेट) बसवायच्या पाव इंची चौकोनाचा, ५ ते २५ न्यूटन मीटर एवढ्याच पल्ल्याचा आणि ठरवलेला जोर आला की ‘टक्’ असा आवाज करून सूचना देणारा एक लहान टॉर्क रेंच (नट पिळण्याचा जोर मोजणारा पाना) मी दीड वर्षापूर्वी पुण्यातल्या बोहरी आळीतून २,८५० रुपयांना घेतला. त्याच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्याच दिवशी आळीतल्या तीन दुकानांत हुबेहूब तोच पाना तीन वेगवेगळ्या नावांखाली पाहिला. मुठीवरच्या रबराचा रंग आणि डबीवरचा कागद एवढाच काय तो फरक होता. त्यामुळे हे परीक्षण एका नावाचे नसून या जातीच्या पान्याचे आहे असे समजावे. तो घेण्याचे कारण मात्र अगदी नेमके होते: टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून, होणारी ऑइलची गळती.

गाडी २००१ सालची होंडा सिटी, दीड लिटरची. या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढे रेडिएटरच्या बाजूला असतो, त्यामुळे कव्हरच्या पुढच्या कडेतून पाझरलेले ऑइल थेट धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डकडे उतरते आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की करपल्याचा वास आत येतो. हा वास आम्हाला जवळजवळ वर्षभर येत होता. त्या वर्षात एका गॅरेजमध्ये दोनदा ‘नट कसून’ झाले. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस कोरडे गेले आणि मग पुन्हा तोच वास सुरू झाला. तिसऱ्या वेळी त्यांच्या कारागिराने अर्धा इंची रॅचेट लावून जो हिसका दिला, त्याने एका स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या दांडीचे) आटे गेले. वर ‘जुनी गाडी आहे साहेब, थोडे गळणारच’ हा शेराही मिळाला. गॅरेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही. ही पद्धत एका गॅरेजपुरती मर्यादित नाही, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

त्या हिसक्याचे गणित मी नंतर मांडून पाहिले आणि कारागिरावरचा माझा राग थोडा कमी झाला. होंडाच्या सर्व्हिस पुस्तकात या नटांसाठी ९.८ न्यूटन मीटर हा आकडा दिलेला आहे. आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा उगम सोपा आहे: जुन्या जपानी मापात तो बरोबर १ किलोग्रॅम-बल मीटर होता आणि न्यूटनमध्ये बदलताना ९.८ झाला. एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला एक किलो टांगल्यावर जो पीळ पडतो तेवढाच हा जोर आहे. अर्धा इंची रॅचेटची दांडी साधारण पाव मीटर लांब धरली, तर तिच्या टोकाला अवघे चार किलो वजन पुरे होते. भाजीची भरलेली पिशवी आपण ज्या सहजतेने उचलतो, तेवढ्याच सहजतेने हा जोर ओलांडला जातो. चाकांचे नट १०८ न्यूटन मीटरला कसण्याची सवय असलेल्या मनगटाला हा फरक जाणवणे जवळजवळ अशक्य आहे, आणि म्हणूनच ‘हाताचा अंदाज’ या कामात पुरत नाही, मग तो हात वीस वर्षांच्या अनुभवाचा का असेना.

माझ्याकडे आधीपासून एक मोठा टॉर्क रेंच होता, अर्धा इंची, २८ ते २१० न्यूटन मीटरचा. अडॅप्टर लावून तोच वापरावा, असे पहिल्यांदा मनात आले होते. तसे करणे शक्य नव्हते, कारण त्याचा पल्ला सुरूच २८ पासून होतो आणि तोपर्यंत या सहा मिलिमीटरच्या स्टडचे बारा वाजलेले असतात. तशीही या प्रकारच्या पान्यांची भिस्त त्यांच्या कमाल मापाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापासून वर असते. म्हणजे २५ न्यूटन मीटरच्या पान्यावर ५ च्या खाली विश्वास ठेवू नये आणि २१० च्या पान्यावर १० ची अपेक्षा करू नये. लहान पाना हा मोठ्या पान्याला पर्याय नाही, तसा मोठाही लहानाला नाही. दोन्ही लागतात, हे खिशाला न रुचणारे पण खरे उत्तर आहे.

आता पान्याकडे येतो. लांबी सुमारे २५ सेंटीमीटर, वजन घरातल्या काट्यावर ३८० ग्रॅम. नळी क्रोम केलेली आहे, मुठीवर खरखरीत रबर आहे, आणि मुठीच्या टोकाशी असलेले कुलूप खाली ओढले की मूठ फिरवून माप ठरवता येते. उभ्या मुख्य रेषा दोन-दोन न्यूटन मीटरच्या अंतराने आहेत आणि मुठीच्या कडेवरची प्रत्येक बारीक रेघ ०.२ ची आहे. ९.८ लावण्यासाठी मूठ आधी ८ च्या रेषेवर आणून मग कडेवरच्या नऊ रेघा पुढे मोजाव्या लागतात. दिवसाच्या उजेडात हे जमते. सोसायटीच्या पार्किंगमधल्या एका पिवळ्या दिव्याखाली मात्र मला डोळ्यांवर चष्मा आणि तोंडात मोबाइलची बॅटरी धरून ते करावे लागले. आकडे कोरलेले आहेत, पण त्यांत काळा रंग नीट भरलेला नाही. चकचकीत क्रोमवर चकचकीत आकडे वाचणे म्हणजे आरशावर नखाने लिहिलेले वाचण्यासारखे आहे. मी शेवटी पांढरा नेल पॉलिश कोरीव आकड्यांत भरून वरचा पुसून काढला. २,८५० रुपयांच्या वस्तूला गिऱ्हाइकाने रंग भरायला लागावा, ही या पान्याबद्दलची माझी पहिली तक्रार.

नळीच्या दुसऱ्या बाजूला इंच-पौंडाची पट्टी आहे. ९.८ न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ८७ इंच-पौंड. इथे एक धोका सांगतो: इंटरनेटवर याच कामासाठी ७.२ हा आकडाही दिसतो, तो फूट-पौंडात असतो. कोणता आकडा कोणत्या मापातला आहे हे न पाहता १० फूट-पौंड लावले, तर प्रत्यक्षात साडेतेरा न्यूटन मीटरच्या वर जोर जातो. आकड्यापुढचे एकक वाचल्याशिवाय मूठ फिरवू नये.

डबीत ‘कॅलिब्रेशन प्रमाणपत्र’ नावाचा एक कागद होता. त्यावर प्रत्येक रकान्यात छापील आकडे होते आणि सही झेरॉक्समधली होती, तेव्हा त्यावर किती विसंबायचे हा प्रश्नच होता. म्हणून वापरण्याआधी मी पाना घरीच तपासला. ती रीत सविस्तर सांगतो, कारण तिला खर्च नाही आणि तिने मनाची खात्री होते. पान्याचा चौकोन बाकावरच्या व्हाइसमध्ये आडवा पकडला, पाना जमिनीला समांतर राहील असा. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून ५ किलोचे लोखंडी वजन मागून आणले. व्यापाऱ्याच्या वजनावर वैध मापन खात्याचा शिक्का असतो, त्यामुळे व्यायामशाळेतल्या वजनापेक्षा ते कधीही भरवशाचे. मुठीचा मध्य चौकोनाच्या मध्यापासून १९ सेंटीमीटरवर येतो, तिथे सुतळीने वजन टांगले. पाच किलोचे वजन १९ सेंटीमीटरवर सुमारे ९.३ न्यूटन मीटरचा पीळ देते. पान्याचे स्वतःचे ३८० ग्रॅम वजनही त्यात मोजावे लागते, ते विसरले तर हिशेब पाच टक्क्यांनी चुकतो. सुरीच्या पात्यावर तोलून पाहिले तर पान्याचा तोल चौकोनापासून १३ सेंटीमीटरवर सापडला, म्हणजे त्याचा वाटा अर्ध्या न्यूटन मीटरच्या जरा आत. बेरीज बरोबर ९.८.

मग माप ९ वर लावून वजन अलगद सोडले, लगेच ‘टक्’. ९.६ ला टक्, ९.८ ला टक्, १० ला किंचित थांबून टक्. १०.२ ला मात्र वजन नुसते लोंबत राहिले. याचा अर्थ पाना १० दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात ९.८ च्या आसपास जोर पडतो, दोन-तीन टक्क्यांचा फरक. या वर्गातल्या पान्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक अधिक-उणे ४ टक्के फरक चालवून घेते, तेव्हा पाना चांगल्या गुणांनी पास झाला. छापील प्रमाणपत्रापेक्षा वाण्याच्या वजनाने मला जास्त समाधान दिले, हे कबूल करतो. वजन परत करायला गेलो तेव्हा वाण्याने ‘काय तोललं?’ असे विचारले, त्याला उत्तर देताना माझी थोडी पंचाईत झाली.

प्रत्यक्ष कामाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हे परीक्षण वाचून कोणी केवळ पाना विकत घेईल आणि निराश होईल. टॅपेट कव्हर गळते ते बहुतेक वेळा नट सैल झाल्यामुळे नव्हे. कव्हर आणि त्याखालचे हेड यांच्या मध्ये रबराची पॅकिंग असते. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षे भाजून तिचे रबर कडक होते आणि दबल्यावर परत फुगण्याचा तिचा गुण नाहीसा होतो. अशा मेलेल्या पॅकिंगवर नट कितीही आवळले तरी काही दिवसांपुरती फट बुजते आणि मग पुन्हा उघडते. माझ्या गाडीचे दहा-दहा दिवस कोरडे जाण्याचे गूढ हेच होते. जुनी पॅकिंग काढताना ती खाऱ्या बिस्किटासारखी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. नाना पेठेतून आणलेली नवी पॅकिंग मात्र बोटाभोवती गुंडाळली जात होती. स्पार्क प्लगच्या नळ्यांभोवतीचे चार गोल सील आणि नटांखालचे रबरी बूचही त्याच वेळी बदलले. पॅकिंग नवी आणि बूच जुने ठेवणारे पुन्हा कव्हर उघडण्याची तयारी ठेवूनच तसे करतात.

त्या नटांखालच्या वॉशरचा इथे विशेष उल्लेख करतो, कारण याच जागी टॉर्क रेंचही फसू शकतो. हे नट वरून बंद, टोपीसारखे असतात. वॉशर हरवला असेल किंवा पातळ बसवला असेल, तर नट कव्हरला दाबण्याआधीच त्याच्या टोपीचे आतले छत स्टडच्या टोकाला जाऊन टेकते. पाना इमानदारीने टक् करतो, आपण समाधानाने पुढच्या नटाकडे वळतो, आणि कव्हर मात्र खाली दबलेलेच नसते. माझ्या गाडीत नेमका एक वॉशर गायब होता. पाना जोर मोजतो. तो जोर कुठे खर्च झाला हे त्याला कळत नाही. तेच आट्यांबद्दल: नट फिरवायला लावलेल्या जोरापैकी जवळजवळ नव्वद टक्के आट्यांतल्या आणि नटाखालच्या घर्षणात जातो आणि दाबायला उरतो तो दहावा हिस्सा. आट्यांना ऑइल लागले की घर्षण कमी होते आणि त्याच ‘टक्’वर स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणून स्टडचे आटे मी चिंधीने कोरडे पुसले, आणि आटे गेलेला स्टड अर्थातच बदलून घेतला.

हेड आणि कव्हरच्या खाचा स्वच्छ करणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग होता, त्यात दीड तास गेला. आधीच्या गॅरेजने लाल सिलिकॉन सढळ हाताने चोपडले होते. ते फक्त कॅम होल्डरच्या कोपऱ्यांवर, जिथे पॅकिंग सपाट भागावरून गोलाईवर चढते तिथे, बोटाच्या टोकाएवढे लागते. बाकी कडेने लावलेले सिलिकॉन दाबाने आत घुसते, त्याचे तुकडे सुटतात आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलच्या जाळीपर्यंत पोहोचू शकतात. मी असे सात-आठ तुकडे चिमट्याने वेचले. कोपऱ्यांवर ताजे सिलिकॉन लावून कव्हर बसवल्यावर निदान अर्धा तास ऑइल भरू नये, असे पुस्तक सांगते. मी गाडी रात्रभर तशीच ठेवली.

कसण्याचे काम मधल्या नटांपासून बाहेरच्यांकडे, आलटून-पालटून समोरासमोर, तीन फेऱ्यांत करायचे ठरवले. पहिली फेरी नुसत्या बोटांनी, दुसरी ५ वर, तिसरी ९.८ वर. दुसऱ्या फेरीत पान्याचा खरा कमकुवतपणा उघड झाला. ५ ला येणारा ‘टक्’ इतका हलका आहे की तो कानाला जवळजवळ ऐकू येत नाही, तळहाताला जाणवतो; आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावला होता. पहिल्या नटाला मी तो टक् चुकवला आणि पुढे दाबत राहिलो. सुदैवाने मनगट वेळेत थांबले. त्यानंतर मूठ घट्ट न धरता तीन बोटांनी मुठीच्या मध्यावर हळू ओढायची आणि तळहात मोकळा ठेवायचा असे केले, तेव्हा तो धक्का स्पष्ट जाणवू लागला. झटक्याने ओढले तर टक् येईपर्यंत जोर पुढे निघून गेलेला असतो, त्यामुळे सावकाश ओढणे ही या पान्याची गरजच आहे. ९.८ वरचा टक् मात्र खणखणीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तिसरी फेरी पूर्ण झाल्यावर पहिल्या नटाला पुन्हा पाना लावला, तर तो टक् होण्याआधी तीळभर फिरला. दुसराही फिरला. हे पान्याचे चुकणे नव्हे. शेजारचे नट कसले जात असताना रबर दबत जाते आणि आधी कसलेल्या नटावरचा ताण तेवढा उतरतो. म्हणून तोच आकडा ठेवून आणखी एक फेरी मारली, आणि त्या फेरीत प्रत्येक नट जागचा न हलता टक् करत गेला. हाताच्या अंदाजाने कसणाऱ्याला हा तीळभर फरक दिसण्याचा मार्गच नसतो. माझ्या दृष्टीने पान्याचे पैसे या एका फेरीत वसूल झाले.

रात्रभर थांबून सकाळी इंजिन सुरू केले. कव्हरच्या कडेने बाळाची पावडर भुरभुरली होती, कारण ऑइलचा बारीकसा पाझरही पांढऱ्या पावडरीवर लगेच डाग पाडतो. वीस मिनिटे चालवून पाहिले, पावडर पांढरीच राहिली. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतला वायूचा दाब मोकळा करणारी झडप) त्याच वेळी काढून हलवून पाहिला होता, आतली गोळी खुळखुळत होती. तो तुंबलेला असता तर इंजिनाच्या आतल्या दाबाने नव्या पॅकिंगमधूनही कुठूनतरी ऑइल बाहेर काढले असते. आज दीड वर्षानंतर आणि सुमारे ११,००० किलोमीटर चालल्यावर कव्हरची कड कोरडी आहे.

या काळात पाना आणखी कशाकशाला लागला, तर प्लग बसवायला, ज्यांचा होंडाचा आकडा १८ न्यूटन मीटर आहे, आणि स्कूटरच्या काही लहान बोल्टांना. सहा मिलिमीटरचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये शिरतात अशी जवळजवळ प्रत्येक जागा त्याच्या पल्ल्यात येते. नट सोडवायला तो कधीही वापरू नये. त्यासाठी साधा रॅचेट ठेवावा.

घेण्यापूर्वी मी काट्याचा, म्हणजे वाकणाऱ्या दांडीवर काटा सरकणारा पानाही पाहिला होता. त्यात बिघडण्यासारखे काही नसते आणि किंमतही निम्मी होती. पण त्याचा काटा अगदी समोरून पाहावा लागतो आणि बॉनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाजूच्या नटावर डोके तिथे नेणे जमत नाही. टक् करणारा पाना न पाहता वापरता येतो, म्हणून मी तो निवडला आणि आजही तोच निवडेन. बीप वाजवणाऱ्या डिजिटल पान्यांची किंमत ऐकून मी पुढची चौकशी केली नाही.

उणिवा तीन: न वाचता येणारे आकडे, तळाशी मंद पडणारा टक्, आणि डबीची प्लास्टिकची खिट्टी, जी तिसऱ्या महिन्यात तुटली. मानकाप्रमाणे वर्षाने किंवा ५,००० वेळा वापरल्यावर पाना पुन्हा तपासायला हवा. वर्षभराने मी तीच वाण्याच्या वजनाची चाचणी केली, निकाल एका बारीक रेघेइतकाही बदललेला नव्हता. स्वतःच्या गाडीचे लहानसहान काम स्वतः करणाऱ्याने तो घ्यावा. वर्षातून एकदाही बॉनेट न उघडणाऱ्याने घेऊ नये, त्यापेक्षा आपला मेकॅनिक अशा कामाला असा पाना वापरतो की नाही हे विचारावे.

काम झाल्यावर माप तळाच्या ५ वर परत आणून मगच डबीत ठेवायचे, म्हणजे आतली स्प्रिंग ताणात राहत नाही. आणि ५ च्या खालीही उतरवायचे नाही. गल्लीतल्या दुचाकीच्या मेकॅनिकने गेल्या दिवाळीत एका मोटरसायकलच्या टॅपेट कव्हरसाठी हा पाना मागून नेला आणि चार दिवसांनी २५ वर कुलूप लावून परत दिला. त्या दिवशी डबीच्या झाकणावर मी पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर मार्करने ‘५ वर आणून ठेवणे’ असे लिहिले. पुढच्या वेळी त्याने तो बरोबर ५ वर आणून दिला, मात्र दहाची गोटी त्याच्याकडेच राहिली.